रिठदची आधीच आलेली माणसं

६ नोव्हेंबर १९२७, रविवार. रिठद.
आज उपदेशक म्हणून चार्ज घेतला. चर्च म्हणजे मातीची एक खोली, वर पत्रे. पहिला उपदेश दिला. विषय: 'या'. जे अजून प्रभूकडे आलेले नाहीत त्यांना कळकळीचं आवाहन. नगरच्या सेमिनरीत याच विषयावर माझी पाठ थोपटली गेली होती. आवाज उत्तम लागला. समोर सगळे आलेलेच बसले होते, त्याला माझा इलाज नाही.
मंडळी जुनी. मोठ्या दुष्काळानंतर विश्वासात आलेली पाच-सहा घरं. वडील पुंजाजी. त्यांना सगळी गीतं पाठ. त्यांची बायको चतुराबाई. तिला सगळी माणसं पाठ.
सभा झाल्यावर पुंजाजी जवळ आले. हात जोडून म्हणाले, "आमी तं आलो, मास्तर. आता आलेल्या मानसानं काय करावं, थे सांगा."
मी म्हटलं, नव्यांना आणावं. ते म्हणाले, तेही करू, पण आमचंही काही असेल तर सांगा. यालाच आत्मसंतुष्टता म्हणतात.
निश्चय: फेब्रुवारीत मिशनचे साहेब येतील तोवर चर्च नव्या माणसांनी भरलेलं पाहिजे. जुन्यांत वेळ घालवणार नाही.

९ नोव्हेंबर, सकाळ.
प्लॅन तयार. मुख्य तत्त्व: जुने विश्वासणारे म्हणजे वाढलेली झाडं. पाणी घालायचं ते रोपांना. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मोठं झाडही वाळतं. दृष्टान्त फार ताणू नये, असं तिला समजावलं.

१३ नोव्हेंबर, रविवार.
'या', भाग दुसरा.
शेवटच्या रांगेत जगदेव नावाचा माणूस बसतो. गात नाही. त्याची बायको पंचफुला श्रावणात तापानं गेली. सगळे पांगल्यावरही तो दाराशी उभा होता. म्हणाला, "सगळ्याइनं प्रार्थना केली, मास्तर. तरी गेली थे. आता म्या कायले हात जोडावं?"
प्रश्न चांगला आहे. पण हा वरच्या इयत्तेचा विषय. त्याला सांगितलं, साहेबांची भेट होऊन जाऊ दे, मग जुन्यांसाठी खास क्लास काढणार आहे. त्यात हा विषय पहिला घेऊ. तो 'बरं' म्हणाला. समाधान झालेलं दिसलं.

२४ नोव्हेंबर.
गावाबाहेर बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलो. बाजाची पेटी स्वतःच्या डोक्यावर. पुंजाजी उचलू लागत होते, पण त्यांना बरोबर घेतलं असतं तर वाटेत त्यांनी काहीतरी विचारलं असतं.
बाबूसिंग नाईकानं खाट टाकली. मी पेटी वाजवली, गायलो. सगळा तांडा गोळा झाला. बायका, म्हातारे, कुत्री. असा प्रतिसाद मी नगरलाही पाहिला नाही. बाबूसिंगनं विचारलं, पेटी इथंच ठेवून जाता का. म्हणजे ओढ लागली आहे. येत्या रविवारी सगळे येतो म्हणाले.

२७ नोव्हेंबर, रविवार.
पुढच्या दोन चटया तांड्यासाठी राखून ठेवल्या. जुन्यांना मागं सरकवलं. ऊन वर येईपर्यंत थांबलो. कोणी आलं नाही. चतुराबाईनं विचारलं की मास्तर, चटयांचा बाप्तिस्मा आहे का. पोक्त बाईनं असं बोलू नये.
रिकाम्या चटयांकडे पाहूनच उपदेश दिला. सराव म्हणून वाईट नाही.

४ डिसेंबर, रविवार.
जगदेव आला नाही. पुंजाजींचं तोंड उतरलेलं. मी मंडळीला धीर दिला: एक जागा रिकामी झाली म्हणजे एका नव्या माणसाची सोय झाली. चतुराबाई उठून बाहेर गेली. खोकला असावा.

८ डिसेंबर.
सौ. दोन दिवस जगदेवकडे भाकरी नेऊन देते आहे. म्हणते, तो चूलच पेटवत नाही. मी एकदा जाऊन बसावं असं तिचं म्हणणं. उद्या जातो म्हटलं. नंतर आठवलं, उद्या केनवडचा बाजार.

९ डिसेंबर.
केनवड. बाजारात एका दगडावर उभा राहून बोललो. प्रचंड गर्दी. त्यातली बरीच शेजारच्या दात काढणाऱ्याची होती, पण ऐकू तर माझंच जात होतं. एका माणसानं शेवटपर्यंत तोंड उघडं ठेवून ऐकलं. नंतर कळलं त्याचा नंबर लागायचा होता.
येताना जगदेवच्या घरावरून आलो. दार उघडं होतं, आत अंधार. दार फार ठेंगणं. माझे पाय असे भरून आले होते की वाकणं शक्य नव्हतं.

१६ डिसेंबर.
हिवताप. आठवडा फुकट. पुंजाजी पायाशी बसून असतात, चतुराबाई पेज आणते. पांघरुणं घरोघरची. जगदेवसुद्धा येऊन सरपण फोडून गेला म्हणे. माझ्याशी न बोलताच गेला. म्हणजे तो आता सावरला. त्याच्याकडे जाण्याची गरज उरली नाही, ही एक काळजी मिटली.
तांड्यावरून कोणी विचारपूस केली नाही. कसं करतील? दारात सारखे जुने बसलेले. नवा माणूस बिचकतोच. पुंजाजींना तसं सुचवलं. ते 'हो, हो' म्हणाले आणि माझ्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

२५ डिसेंबर, रविवार. नाताळ.
तांडा आला! बैलगाड्या जुंपून आला. डोळे भरून आले माझे.
स्वयंपाक जुन्यांनी केला. खोली लहान, म्हणून त्यांनी अंगणात उभं राहून उपासना करावी असं मी ठरवलं. पुंजाजींनी बायकांना समजावलं. एकच चूक झाली. उपदेश जेवणानंतर ठेवला. 'या' म्हणेपर्यंत बरेच गेले होते.
बाबूसिंग मात्र राहिला. तो आत नव्हता, अंगणात होता. मला विचारलं, तो वाढणारा माणूस कोण, वरण वाढतो पण तोंड उघडत नाही. मी म्हटलं, जगदेव, जुना आहे, त्याचं मनावर घेऊ नका. बायको गेल्यापासून असाच आहे. बाबूसिंग म्हणाला, "माही पोरगी बी याच साली गेली." मी लगेच पहिला धडा काढला, सृष्टीची उत्पत्ती. सहा दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी पोचलो होतो, तोच तो उठला आणि जगदेवजवळ जाऊन बसला. दोघं काही बोलत नव्हते. वेळेचा नुसता अपव्यय.

८ जानेवारी १९२८, रविवार.
चर्चमध्ये मी, सौ. आणि दोन म्हाताऱ्या. त्यांतल्या एकीला ऐकू येत नाही.
कारण सापडलं. गटबाजी. जगदेवच्या अंगणात मंडळी जमते. आधी गुरुवारी जमत होती, आता रविवारीही. सौ.सुद्धा जाते, हे आजच कळलं. तिला विचारलं, तिथं काय चालतं. ती म्हणाली, विशेष काही नाही. कोणी शेंगा सोलतं, पुंजाजी शास्त्रातला थोडा भाग वाचतात आणि थांबतात. जगदेव काही विचारतो. कोणाला उत्तर येत नाही. मग सगळे बसून राहतात.
मी म्हटलं, ज्या सभेत उत्तर नाही ती सभाच नव्हे. ती म्हणाली, "मग तुम्ही या ना. एक दिवस नुसते बसा."
चिडलो. घरातच ही अवस्था असेल तर बाहेर काय सांगायचं. उपदेशकाचं काम बसणं नाही. एकदा नव्यांचं मार्गी लागलं की मी या जुन्यांकडे असं लक्ष देईन की ते विसरणार नाहीत.

२ फेब्रुवारी.
पुन्हा तांडा. वाटेत पळसाखाली टेकलो. मनात आलं, तीन महिने मी सगळ्यांना 'या' म्हणतो आहे, पण कोणी आलंच तर दुसऱ्या रविवारी त्याला काय सांगायचं ते माझ्याकडे लिहिलेलं नाही. मी स्वतः शेवटचं काही नवं केव्हा शिकलो तेही आठवेना. उन्हाचा परिणाम. पाणी प्यालो, बरं वाटलं.
तांड्यावर शुकशुकाट. कापसाच्या गाड्या घेऊन सगळे अकोल्याकडे गेलेले. भुरीबाई नावाची एक म्हातारी तेवढी दारात. कधी येतील विचारलं तर म्हणाली, पाणी पडल्यावर. तिच्यासाठी दोन गीतं वाजवली. साहेबांची भेट याच महिन्यात. पाणी जूनमध्ये.

२६ फेब्रुवारी, रविवार.
साहेब टांग्यानं आले. मी दोन दिवस आधी सगळ्यांना निरोप दिले होते. चटया झटकल्या होत्या. पेटीवर फुलं ठेवली होती.
आम्ही दोघं खोलीत बसलो. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी तांड्याचं वर्णन केलं. त्यांनी विचारलं, ते आज येतील का. मी म्हटलं, वाटेत आहेत. खोटं नव्हे. अकोल्याच्या वाटेत होतेच.
तेवढ्यात गावातून गाणं ऐकू आलं. आपलंच गीत, पण पेटीशिवाय, फार सावकाश. साहेब उठून निघाले. मीही मागून निघालो.
जगदेवचं अंगण भरलेलं. सगळी जुनी घरं, सौ., आणि भिंतीला टेकून बाबूसिंग. सून धनीबाई आजारी पडली म्हणून तो गाड्यांबरोबर गेला नव्हता. तीही बाजूला चतुराबाईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. साहेब बूट काढून सरळ जमिनीवर बसले. मला जागा नव्हती. कुंपणाशी उभा राहिलो.
जगदेव प्रार्थना करत होता. डोळे उघडे. अशी पद्धत नाही. तो म्हणाला, "देवा, तुह्यं-माह्यं अजून जमलं नाही. पन बसलो हाव मी. हे लोक बी बसले हायेत माह्याजोळ." एवढंच. आमेनसुद्धा दुसऱ्यांनी म्हटलं.
मग बाबूसिंग साहेबांना म्हणाला की त्याला या लोकांत बसायचं आहे. त्यासाठी काय करावं लागतं ते शिकवा, घाई नाही.
मी लगेच पुढे होऊन साहेबांना सांगितलं की ही माझीच शाखा, चार महिन्यांच्या परिश्रमांचं फळ. तेव्हा चतुराबाई म्हणाली, "खरं हाये, सायेब. मास्तर कोनाच्या घरी येत नोते, म्हनून आमाले एकमेकाइकडं जा लागलं."
म्हणजे तिनंही मान्य केलं. पण साहेब हसले नाहीत. जगदेवजवळ बराच वेळ बसले. टांग्यात चढताना मला विचारलं, या माणसाचा प्रश्न तुम्हाला ठाऊक होता का. मी म्हटलं, हो, तो माझ्या आगामी क्लासमध्ये घेतलेला आहे.

५ मार्च.
बदलीचा निरोप. इंझोरी. साहेबांनी कळवलं आहे की तिथं विश्वासात आलेलं एकही घर नाही, आणि नव्यांसाठीची माझी तळमळ पाहता ती जागा मला सोयीची पडेल. इथं रविवारचं पुंजाजी पाहतील. क्लासचा विषय आता आपोआप निकालात निघाला.
अखेर माझी कदर झाली. एकही जुना नाही. अंगणं नाहीत, चतुराबाई नाही, प्रश्न नाहीत. हेच मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.
सौ. म्हणाली, ती पावसाळ्यानंतर येईल. धनीबाईला वाचायला शिकवायला घेतलं आहे, ते अर्धवट टाकता येत नाही. मी म्हटलं, धनीबाई आता नवी राहिलेली नाही. तिनं माझे कपडे नीट घड्या घालून दिले.

७ मार्च.
गाडीपर्यंत पोचवायला सगळे आले. हे अनपेक्षित. जगदेवनं माझी ट्रंक उचलून ठेवली. काही बोलावं असं वाटलं. 'तुझ्या प्रश्नाचं...' असं सुरू केलं. तो म्हणाला, "राहू द्या, मास्तर. उन्ह होईल, निघा." समजूतदार माणूस. आधी लक्षात आलं नव्हतं.

१८ मार्च, रविवार. इंझोरी.
दौलतराव म्हणून इथले बरे शेतकरी. त्यांनी आपला ओटा दिला. ऐकायला तेच एकटे. पण शेवटपर्यंत ऐकलं, सुपारी बाजूला ठेवून. उपदेश संपल्यावर सुपारी पुन्हा हातात घेतली. 
मग म्हणाले, "बोलनं पटलं तुमचं. पन येतो म्हटलं तं कोनात येऊ? तुमचे मानसं कोठी हायेत?"
रिठदला आहेत, असं सांगितलं. कसे आहेत विचारलं, तर मी बोलतच सुटलो. पुंजाजी गीताच्या आधी घसा कसा साफ करतात, चतुराबाईची पेज, जगदेवचं अंगण. ऊन ओट्यावर येईपर्यंत बोललो. दौलतरावांनी विचारलं, इतके चांगले लोक आहेत तर त्यांना सोडून इकडं काहून आलात. बदली झाली, म्हटलं.
ते उठले. आत डोकावून बाईंना सांगितलं, दोन भाकरी जास्तीच्या टाका.
"मानूस नवीन हाये गावात," म्हणाले. "वळख ना पाळख."