सदऱ्याचे तुकडे

केडगाव, मंगळवार, फेब्रुवारी १९९४

बाळीचं अंग आज परत लाल झालं. पुसायला बाजारातून नवं कापड आणलं होतं, तेच तिला सोसत नाही. सासूबाई म्हणाल्या, "नवं लई खरबरीत असतं गं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पायजे." माझ्या साड्या सगळ्या नायलॉनच्या. त्यांची जुनी लुगडी दुपट्यांतच संपली.

मग त्यांनी ट्रंकेतून यांचा पांढरा सदरा काढला. हे दिवाळीआधीच गेले, मुलीला त्यांनी पाहिलंही नाही. नको म्हणायला हवं होतं का मी? सदरा माझ्या नवऱ्याचा, पण सासूबाईंच्याही मुलाचाच.

"फाडू?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. कडक कॉलर त्यांनी कात्रीने कापून बाजूला ठेवली, बाकीचा टराटरा फाडला. त्या रडल्या नाहीत. मला रडू येईल म्हणून मी वाट बघत राहिले. आलंच नाही.

कडा दुमडून शिवल्या, तुकडे उकळून उन्हात घातले. कॉलर तशीच पडून होती. ती का ठेवली, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी एक तुकडा कोमट पाण्यात पिळून तिला पुसलं. ती शांत राहिली. तुकड्याला फक्त साबणाचा वास होता. त्याचंही मला काही वाटलं नाही.

"सोसलं बघ तिला," सासूबाई म्हणाल्या. "पर एवढ्यानं भागायचं न्हाई. उद्या निळा फाडू."

निळा हे सणाला घालायचे.

मी "बरं" म्हणाले.