गव्हाच्या सुरातला पोवाडा

महागाव

तीर्थस्वरूप चारुदत्तभाऊजींना दीनानाथचा साष्टांग नमस्कार.

आपलं गुडघ्याचं दुखणं आणि विमलताईचा आपल्यावरचा राग, दोन्ही एव्हाना उतरलं असेल अशी आशा करतो. इकडे सगळे मजेत. मी तर विशेष मजेत, कारण भाऊजी, आपल्या मेहुण्याला गिटार येते!

आमचा मुलगा अभिषेक नोकरीला पुण्याला गेला आणि गिटार माळ्यावर टाकून गेला. तिच्यावर मी भावसिंगाचा पोवाडा बसवला. (हो, पूस नदीच्या पुरात उडी घेऊन गावाची गुरं काढणारा तोच, आपले सासरेबुवा तुणतुण्यावर म्हणायचे.) आधी रीतसर शिकायला बसलो, पण माझी बोटं पडली केळ्याच्या घडासारखी. एक तार दाबली की शेजारच्या दोन आपोआप दबतात. मग मोबाइलवर पाहिलं, तर काही मोठे वादक मुळी ताराच वेगळ्या लावतात. झालं! मी साऱ्या तारा ढिल्या करून सा आणि प या दोनच सुरांवर आणल्या. आता नुसता हात फिरवला तरी भरलेला सूर निघतो, डाव्या हाताला फारसं कामच नाही. (अक्कल लागते ती तारा लावायला, वाजवायचं काय!)

पण सा आणायचा कुठून? शेजारच्या देवसिंगच्या पिठाच्या चक्कीतून. तिची घरघर इतकी एकसारखी, की मी तिलाच सा मानला. पंचाईत एवढीच, की गहू दळताना ती एका सुरात घुमते आणि ज्वारी पडली की खाली उतरते. परवा अर्धा पोवाडा गव्हात झकास गेला आणि ऐन पुराच्या कडव्याला रामीबाई ज्वारी घेऊन आली. सूर बुडाला, भावसिंगही बुडायच्या बेतात. मी धावत जाऊन म्हटलं, जरा थांबा. तर म्हणते, "काहून? पोवाड्यानं पोट भरते का आमच्या लेकरायचं?" आणि तिनं दळण ओतलं. पण मी हटलो नाही. परत येऊन तारा उतरवल्या आणि पुढचा पोवाडा ज्वारीत धरला. पीठ घेऊन निघालेली रामीबाई आमच्या ओट्यावर टेकली, ती भावसिंग काठाला लागेपर्यंत उठली नाही. भाऊजी, छाती अशी फुगली म्हणून सांगू!

ताईला नमस्कार, अनघाला आशीर्वाद.

आपला,
दीनानाथ

ता. क. : आता खरं काम. आपल्या अनघाच्या हळदीला डीजे सुरू होण्याआधी मामाचा पोवाडा ठेवता येईल का, ते तिला विचारावं. ती नको म्हणाली तर मला वाईट वाटेल, पण मी ते कुणाला सांगणार नाही.

आणखी एक ता. क. : पत्र पाकिटात जाण्याआधीच आमच्या सौ. रजनीनं परस्पर अनघाला फोन लावला. तिनं फोन माझ्या कानाला लावला, तर पोरगी म्हणाली, "मामा, पह्यले तुमचाच पोवाडा. मी सगळ्यायले सांगून राह्यली." ऐकून डोळ्यांत पाणी आलं. पण भाऊजी, सगळ्यायले म्हणजे किती जणांना? तेव्हापासून एक तार धड लागत नाही. वरची विनंती रद्द समजावी आणि काहीतरी सांगून माझं नाव गाळायला लावावं. ती ऐकणार नाही म्हणा, माझीच भाची आहे. मग निदान तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसा.