गेरूचा नाडा

श्रावण व. ९, शके १८६६
सीना चढली. करमाळ्याकडून परतताना वारा पाठीवर, शीड फुगतं, खाली धारेची ओढ. नावेची शेपटी फिरते, काल आडवीच होत होती. मागं काहीतरी ओढत ठेवावं लागेल. दगडांची पाटी बांधली, तळाला अडकली. गोणपाट फाटलं.

व. ११
जुनी चामड्याची मोट सोडून पाहिली. जमलं. तोंड नावेकडं, सोंड म्हणजे मागची निमुळती नळी मोकळी. पाणी शिरतं, सोंडेतून निघून जातं, नाव सरळ चालते. सोंड बांधलेली राहिली तर सगळा भार मोट ओढणाऱ्या दोरावर, नाड्यावर येतो. मोकळी असली तरी ओढ असतेच, म्हणून नाडा नवा हवा. दादा म्हणाला, "अंबाडी हाय की माज्याकडं. म्या वळून देतो." थोरला भाऊ असावा तर असा.

व. १४
दादा नाडा घेऊन आला. गेरूनं लालभडक. "पोळा हाय, नावंलाबी रंग नगं का?" हसलो. पीळ उलगडून बघितला नाही. भावाचं काय बघायचं.

व. ३०, पोळा
ऐन धारेत नाडा तुटला. नाव फिरून बाभळीवर. नऊ माणसं, त्यात माझी गया, माहेराहून येणारी. सगळी वाचली. गयाचा हात मोडला. काठावर सगळ्यांदेखत दादा, "सोंड सोडायची इसरला आसंल ह्यो." सोडली होती. सांगितलं. कोण ऐकतं.

भाद्रपद शु. २
तुटकं टोक उकललं. वर गेरू, आत काळा भुसा. जुनाच नाडा.
दादाच्या गोठ्यात गेलो. चारी बैलांना नवी दावी, नवे कासरे. माझ्या नाड्याची अंबाडी. दादा खाली बघून म्हणाला, "पोळ्याला बैलांस्नी जुनं दावं घालू व्हय? गाव काय म्हनंल?"
गाव माझ्याबद्दल काय म्हणतंय ते त्याला ऐकू येत नाही.

शु. ५
फळी ठोकली, नाव तयार. नावेत कुणी बसत नाही. दुपारी गयानंच विचारलं, "सोंड खरंच सोडली व्हती न्हवं तुमी?"
जेवलो नाही.

शु. ७, सकाळी
पलीकडं एका बाळंतिणीला न्यायचं आहे, दुसरी नाव नाही. माणसं यायची आहेत. त्याआधी दादा आला, खांद्यावर नवा नाडा. बैलांची दावी उकलून वळलेला. "लोक यायच्या आत बांध."
म्हणालो, "लोक आल्यावर बांधू. तुमीच सांगा त्यास्नी, आदीचा कसला व्हता."
त्यानं नाडा खांद्यावरून खाली टाकला. गेला मात्र नाही. नाडा दोघांच्या मधे पडलाय. वाटेवर बाळंतिणीची बाज दिसायला लागली आहे.