मधल्या खोलीतलं प्यादं

मी, कुलपं-किल्ल्यांच्या दुकानाचा मालक, वय वर्षे त्र्याहत्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाही जिवंत माणसाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीचं फाडून टाकलं आहे.

१. दुकान, कानशी आणि किल्ल्या कापायचं यंत्र माझ्या कारागिराला. पंचवीस वर्षं त्याने माझी बोलणी खाल्ली.

२. घराबद्दल आधी खरं सांगतो. वडिलांमागे थोरल्या भावाने, दादाने, मला वरचा मजला देऊ केला, म्हणजे खालचं सगळं त्याला मोकळं. बुद्धिबळातही तो असाच. पांढरी घेऊन उंटापुढचं प्यादं फुकट पुढे करायचा. मी कशाला खातोय! मी उलट वजिरापुढचं माझंच प्यादं त्याच्या तोंडाशी द्यायचो. तो हावरट, लगेच खायचा. मग माझं मधलं प्यादं एक घर पुढे सरकून त्याच्या मुलखात रुतायचं आणि त्याच्या घोड्याला बसायला धड जागा उरायची नाही. एक प्यादं गेलं तरी बेहत्तर. जिंकल्यावर मी चिडवायचो, "दादा, दिलेलं घेऊ नये."

"गप रे, फुकटचं कोण सोडतं?"

घरातही मी तेच केलं. वरचा मजला त्यालाच दिला, बदल्यात फक्त मधली खोली मागितली. त्याला वाटलं, धाकटा खुळा. पण स्वयंपाकघराची वाट त्याच खोलीतून. मी दोन्ही दारांना कुलपं बसवली. वहिनी पाण्यासाठीही दार वाजवायची. अकरा वर्षं. मला मजा वाटायची, हे लिहिताना लाज वाटते. शेवटी दादा या खोलीतच, अर्ध्या डावावर, चाल त्याची असताना वारला. वहिनी मुलीला घेऊन निघून गेली ती कायमचीच.

३. तो पट मी काचेच्या पेटीत, माझ्या हातच्या कुलपात ठेवला. किल्ली गळ्यात. वर्षभराने पाहतो तर पांढऱ्याची चाल झालेली. मी उत्तर दिलं. न देऊन करतो काय? तेव्हापासून दर काही महिन्यांनी एक चाल होते. जिवंतपणी दादा खाल्लेलं प्यादं कधी सोडत नसे. आता त्याने ते शांतपणे परत दिलं आणि आपली मोहरी मोकळी केली. या डावावर औषध तेवढंच, आणि ते मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. हल्ली मी पाणी प्यायला निघालो की स्वयंपाकघराचं दार पलीकडून बंद असतं. त्या बाजूला कडीच नाही.

४. घर पुतणीला. अट एकच. आज साक्षीदारांसमोर मी माझा राजा आडवा ठेवून पेटी बंद केली आहे. सह्या होईपर्यंत तो तसाच राहिला, तर दादाने माझी हार घेतली. बाळ, घर निर्धास्त घे. उभा दिसला, तर हे कलम रद्द. मग या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस.

सह्यांआधी जोडलेलं: साक्षीला आलेल्या डॉक्टरांनी आत्ता विचारलं, "काका, तुम्ही पुन्हा पेटी उघडलीत का?" मी जागचा हललेलो नाही. राजा उभा आहे. कलम चार रद्द; घर कोणालाच देऊ नये. बाळ, येऊ नकोस गं. दिलेलं घेऊ नये, हे दादाला जन्मभर मीच बजावलं. मेल्यावर शिकला.

स्थळ: मधली खोली
दिनांक: सात तारीख, मंगळवार, सकाळचे अकरा

(सही) कुलूपवाला, धाकटा

साक्षीदार:
१. (सही) गल्लीतले डॉक्टर
२. (सही) शेजारच्या शिंपीणबाई. सही दाराबाहेर उभं राहून केली.