गिटारचा एक सेंटीमीटर

मी, या घराचा मालक, वय अडुसष्ट, धंद्याने सुतार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. अक्षर हललं आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. लाकडाचा भुसा फुप्फुसात बसलाय, असं डॉक्टर म्हणतात, डोक्यात नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधीचं मृत्युपत्र मी रद्द करतो. ते रागाच्या भरात लिहिलं होतं.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली, माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावं. बँकेत जे असेल तेही तिचंच. मागच्या खोलीच्या खिडकीचं डावं दार अडकतं. ते मीच बसवलंय, त्यामुळे कोणाला नावं ठेवायची सोय नाही.

२. सगळी हत्यारं, रंधे, पटाशा, करवती आणि कामाचं मोठं टेबल माझ्या मेहुण्याला द्यावं. जुन्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की त्याला एक खिळासुद्धा मिळू नये. कारण नोंदवतो. माझी बायको गेली त्या दिवशी हा गृहस्थ दवाखान्याच्या जिन्यात चार माणसांसमोर म्हणाला, "दाजी, ताईला आठ दिवस आधी आणायला हवं होतं." मी त्याला त्याच जिन्यात सांगितलं, उद्यापासून कामावर येऊ नकोस. बावीस वर्षांची भागीदारी पाच मिनिटांत मोडली. तो म्हणाला ते खरं होतं. मला ते सहन झालं नाही, एवढंच.

३. आता गिटार. हे कलम लांबेल, वकिलांनी कुरकुर करू नये.

बायको गेली त्या वर्षी मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिला इलेक्ट्रिक गिटार शिकायची होती, संगीत विद्यालयात जायचं होतं. मी म्हटलं, दुकानातली कशाला, बाप काय मेलाय? मागच्या खोलीत सात महिने खपलो. जुन्या कपाटाची जाड फळी कापून अंग केलं, मान वेगळ्या लाकडाची कोरून बसवली. बायकोच्या शिलाई मशीनची मोटर काढून तिच्या जोरावर, आवाज उचलणाऱ्या पिकअपसाठी, केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळली. मुलगी शेजारी बसून वेढे मोजायची, आठ हजार. तार तुटली की पुन्हा एकपासून. पॉलिशचे अकरा हात दिले. पाठीवर माझी खूण डागली. इतकं देखणं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

मानेवरचे पडदे, म्हणजे सुरांच्या धातूच्या पट्ट्या, छापील मापाचा कागद चिकटवून बसवले होते, ते बिनचूक होते. माझ्या टेपने एकच माप घेतलं. वर तारा जिथून सुटतात ती हाडाची पट्टी आणि खाली तारा जिथे टेकतात तो ब्रिज, यांच्यातलं अंतर. चौसष्ट सेंटीमीटर आठ मिलिमीटर हवं.

टेपचं टोक ढिलं असतं, त्याचा भरवसा नसतो. म्हणून आमच्या कामात टेप टोकापासून धरत नाहीत, एकच्या खुणेपासून धरतात. बावीस वर्षं मी ती खूण धरली आणि माप सांगितलं. पलीकडच्या टोकाला मेहुणा त्यात एक वाढवून पेन्सिल मारायचा. मी सांगायचं आणि त्याने वाढवायचं, याच्यावर आम्ही कधी बोललोसुद्धा नाही. गिटार करताना तो नव्हता. मी त्याला हाकललं होतं.

मोकळ्या तारा सुरात लागायच्या. पडद्यांवर बोट खाली सरकवत नेलं की सूर हवा त्यापेक्षा जास्त चढत जायचा. मुलीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "बाबा, खाली काहीतरी चढतंय." मला राग आला. मी टेप मागवली. सवयीने एकच्या खुणेवर मी धरली, दुसरी बाजू तिच्या हातात दिली आणि म्हटलं, वाच. तिने वाचलं, "चौसष्ट आठ." मी म्हटलं, मग? चढतंय ते तुझ्या कानात.

त्याच गिटारवर तिने प्रवेशपरीक्षा दिली. परीक्षक म्हणाले, हात चांगला आहे, कान तयार नाही. घरी आल्यावर मीही तेच ऐकवलं. तिने गिटार भिंतीला अडकवली आणि कुरिअरच्या ऑफिसात चिकटली. चौदा वर्षं झाली. या घरात रेडिओ लागत नाही. मी कधी गुणगुणलो तर ती मला विचारते, "बरोबर आहे का हो ते? मला कळत नाही."

गेल्या वर्षी मी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा मेहुणा भेटायला आला. मुलगी कामावर होती. त्याने गिटार उतरवली, बोट फिरवलं, टेप लावून बघितली आणि विचारलं, "दाजी, एक कोणी वाढवला?"

कोणीच वाढवला नव्हता, ब्रिज एक सेंटीमीटर वर बसला होता. मी त्याला शपथ घातली की पोरीला सांगू नकोस. त्याने पाळली. सर्व ऐकणाऱ्यांसमोर लिहून देतो, माझ्या मुलीचा कान पहिल्या दिवसापासून खरा होता. चूक माझी. मेहुण्याने ब्रिज एक सेंटीमीटर खाली सरकवून, जुनी भोकं बुजवून, वर पॉलिश मारून गिटार तिला द्यावी.

४. वरचं कलम माझ्यामागे वाचलं जावं असा बेत होता. काल दुपारी श्वास अडकला, आणि वाटलं, मेल्यावर सांगणं हा पळपुटेपणा आहे. मुलगी जेवणाचं ताट घेऊन आली तेव्हा कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्याउभ्या वाचला. मग पुन्हा वाचला.

"मामाला वर्षभर माहीत होतं?"

मी मान हलवली.

"आणि तुम्हालाही?"

मी म्हटलं, "हो गं. तोंडच उघडेना."

ती म्हणाली, "माप चुकलं ते चुकलं, बाबा. पण वर्षभर मी रोज तुमची पाठ चोळून देतेय. एवढा वेळ मिळाला नाही?"

तिने माझ्यासमोर पेन्सिल घेतली आणि कलम तीनचं शेवटचं वाक्य खोडलं. मी म्हटलं, "अगं, मामा चांगलं करेल, खूणसुद्धा दिसणार नाही."

ती म्हणाली, "म्हणूनच नको."

मग ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "जेवा, गार होतंय."

म्हणून कलम तीनमधली दुरुस्तीची सूचना मी मागे घेतो. गिटार मुलीची. पाठीवर माझी खूण आहे, ती तासू नये. ब्रिज आहे तिथेच राहील. तो मी, मेहुण्याने किंवा दुसऱ्या कोणी हलवू नये. येणाऱ्याजाणाऱ्याने वाजवून बघायला मागितली तर द्यावी, आणि कुठे चुकलंय ते त्याचं त्याला ऐकू द्यावं.

ठिकाण: राहतं घर, मधली खोली
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: (सही) सुतार

साक्षीदार:
१. (सही) उपचार करणारे डॉक्टर
२. (सही) खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले. यांनी वीस वर्षं माझ्या भुशाची तक्रार केली. ती रास्त होती.