दोन घंट्यांची सवय लागलेला अंगठा

मी, मन्मथ शिवलिंग बिरादार, वय ६३, निवृत्त एसटी वाहक, राहणार निलंगा, जिल्हा लातूर, कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. डॉक्टरांच्या मते माझी बुद्धी शाबूत आहे. माझी पत्नी केवळाबाई हिचे मत निराळे आहे.

१. राहते घर केवळाबाईला. शेताचा फेरफार दोन्ही लेकरांच्या नावे निम्मा-निम्मा मागेच झाला. त्यात कुणी पुन्हा नाक खुपसू नये.

२. मनगटी घड्याळ मुलगा दयानंद याला. ते पाच मिनिटे पुढे आहे, तसेच राहू द्यावे.

३. चार तारांची बेस गिटार. इथे माझा गोंधळ होतो. ती मुळात मुलगी गीतांजलीची. सहा वर्षांपूर्वी ती नांदेडच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला निघाली, तेव्हा मी गिटार हातात धरून दारात तासभर बोललो. ती गिटार न घेता तशीच गेली. मग ही वस्तू देणारा मी कोण? वकिलांना विचारले, ते नुसते हसले.

निवृत्तीनंतर मीच मोबाईलवर बघून शिकू लागलो. अंगठ्याने तार ठोकायची, बोटाने दुसरी ओढून सोडायची, एवढे जमले. पण गीतांजलीच्या वहीत लिहिले आहे, 'चार मात्रा सवाल, चार मात्रा जवाब. सवाल संपला की हात उचलायचा.' तो हात उचलेना. एकतीस वर्षे मी दोरी ओढली. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. अंगठा एक ठोका देतो आणि सवयीने लगेच दुसरा. गाडी चालूच!

शेजारचे हलगीवाले रामकिशन ऐकून म्हणाले, "लई छान वाजवायलेत तुम्ही. पण समोरच्याला बोलू देताल का न्हाई?"

मला राग आला. त्यांना माझी छत्री देणार होतो, ती रद्द केली. मग दारातला तो तास आठवला. पोरगी तीनदा "अप्पा, ऐका तर" म्हणाली होती. तिला काय सांगायचे होते, मला आजही ठाऊक नाही. याचे फार वाईट वाटते. छत्री रामकिशन यांना द्यावी.

४. परंतु वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीला तर रामकिशनच आहेत. म्हणून छत्री आज त्यांच्या हातातच दिली. तेव्हा कलम ३ मधील गिटारही रद्द. दुसरी साक्षीदार गीतांजलीच हवी, म्हणून तीही तिच्या हातातच द्यायची.

काल केवळाबाईने फोन लावून दिला. मी म्हणालो, "गीता, साक्षीला येतीस का?" आणि गप्प बसलो. चार मात्रा मोजल्या. पुन्हा चार मोजल्या. जीभ वळवळत होती, पण दाबून धरली.

पलीकडून आवाज आला, "अप्पा, हाईत ना तुम्ही लाईनवर?"

मी तरीही बोललो नाही. मग ती म्हणाली, "ऐतवारी येते."

लिहून ठेवणार: मन्मथ शिवलिंग बिरादार (सही दोघांसमोर करीन)
साक्षीदार १: रामकिशन, हलगीवादक, निलंगा
साक्षीदार २: गीतांजली मन्मथ बिरादार (जागा कोरी सोडली आहे)
ठिकाण: तेच दार, निलंगा
दिनांक: ती येईल तो