पूल ८४.३ आणि डावीकडची कापलेली बाजू

मी, एल्डन हावर्थ, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार स्टोनी रन, पेनसिल्व्हेनिया, लॉरेल अँड वेस्टर्न रेलरोडचा निवृत्त पूल-तपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दुसरे तर मी निव्वळ रागात केले होते.

कलम १. राहते घर, अंगण आणि तळघर माझी मुलगी जूडिथ हिला. स्वयंपाकघरात रेलरोडचे १९५७ सालचे कॅलेंडर अजून लटकते आहे. त्यावर मर्ल काउफमनने काढलेला फोटो आहे : आमच्या रेलरोडचे शेवटचे वाफेचे इंजिन, क्रमांक २१०७, स्टोनी रनचा पूल ओलांडताना. हा फोटो या खोऱ्यात प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात आहे. वर्ष संपले तरी माझी बायको लोर्ना हिने ते कॅलेंडर उतरवले नाही.

"तारखा शिळ्या झाल्या," मी म्हणायचो.

"चित्र कुठं शिळं झालंय?" ती म्हणायची. मग कॅलेंडरच्या डावीकडे, कोऱ्या भिंतीवर बोट टेकवून म्हणायची, "आणि आपण इथं."

"इथं भिंत आहे," मी म्हणायचो.

त्या बोटाने भिंतीवर एक मळकट ठिपका पडला आहे. कॅलेंडर हवे तर काढावे, पण ठिपक्यावर रंग लावू नये.

कलम २. हातोडी, कंदील, तिपाई आणि भात्याचा मोठा कॅमेरा जूडिथच्या मुलीला. मापाची काठी, दहा फुटी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, तिचा उल्लेख शेवटी येईल.

कलम ३. माझ्या कपाटातील पुलांचे, बोगद्यांचे, पाण्याच्या टाक्यांचे आणि सिग्नलच्या खांबांचे ३,१४० फोटो गावातल्या रेल्वे संग्रहालयाला. अट एकच. मर्लच्या गाड्या त्यांनी मोठ्या दालनात लावल्या आहेत, वर दिव्यांचा झोत सोडून. माझे पूल शौचालयाच्या बोळात आहेत. लोक माझ्या कामाकडे पाहतात ते रांगेत उभे राहून, तेही एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. माझे पूल बोळातून बाहेर येणार नसतील तर सगळे जाळून टाकावेत. नाही, जाळू नयेत. जूडिथने ठेवावेत.

मला मर्लचा हेवा वाटत होता. हे वकिलाने खोडू नये. तो प्रसिद्धी खात्याचा फोटोवाला, मी पुलांचा. त्याला धूर, वाफ, ऊन हवे असे. मला ढगाळ दिवस, रिकामे रूळ आणि शेजारी काठी धरून उभा एक माणूस, म्हणजे खांबाची उंची कळावी. गाडी आली की मी कॅमेरा झाकून ठेवायचो. एकदा लोर्ना म्हणाली, "एल्डन, तुझ्या पुलांवरून कुणी कधी जातच नाही का रे?" ती सहज बोलली. मला ते चाळीस वर्षे बोचत राहिले. मर्ल तिला हसवायचा, तिच्या बिटाच्या पाण्यात मुरवलेल्या अंड्यांची तारीफ करायचा, आणि मी ताटाकडे बघत बसायचो.

कलम ४. माझ्या कपाटात 'पूल ८४.३' असे लिहिलेले एक पाकीट आहे. त्यातील निगेटिव्ह मर्लची मुलगी नडीन काउफमन हिला द्यावी. ती निगेटिव्ह तिच्या बापाची आहे आणि सत्तेचाळीस वर्षे माझ्याकडे होती.

मी ती चोरली नाही. कॅलेंडर छापून झाल्यावर छापखान्याने ती कचेरीत परत पाठवली. पाकिटावर त्यांनी इंजिनाचा क्रमांक न लिहिता पुलाचा मैल, ८४.३, लिहिला, म्हणून ती माझ्या टेबलावर आली. छापखान्याचे नाव पाहून ती कोणती ते मला कळलेच. मी ती न उघडता माझ्या कपाटात, माझ्या पद्धतीने, चौऱ्याऐंशीव्या मैलात लावली. मर्ल जन्मभर २१०७ शोधत राहिला. काखेत कळसा नि गावाला वळसा, असे मनात म्हणून मी हसायचो. पुलाच्या क्रमांकाने शोधावे हे त्याच्या डोक्यात आलेच नाही, कारण पूल त्याला कधी दिसलाच नव्हता.

त्याने मला एकदाच विचारले. कंपनी बुडाली त्या वर्षी, आमच्याच ओसरीवर.

"एल्डन, लेका, २१०७ तुझ्याकडे तर नाही ना आली? माझ्याकडे नुसती छापील कॅलेंडरं उरलीत. त्यात पुरतं चित्रही नाही."

"इंजिनांचं माझ्याकडे काही येत नाही," मी म्हणालो.

हे शब्दशः खरे होते. लोर्ना दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि आत गेली. मर्ल १९९९ साली वारला. शेवटच्या आजारातही तो नडीनला खोकी उपसायला लावत होता, असे मी ऐकले आणि मूग गिळून बसलो.

गेल्या वर्षी लोर्ना गेली. या हिवाळ्यात मी ते पाकीट प्रथमच उघडले आणि निगेटिव्ह खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवली. कॅलेंडरच्या चौकटीत बसावे म्हणून छापखान्याने छापील चित्राची डावी बाजू कापली होती, निगेटिव्हमध्ये ती शाबूत आहे, हे तेव्हा कळले. मर्लने तो फोटो घेतला त्या दिवशी माझा काठी धरणारा माणूस आजारी होता. लोर्ना माझा डबा घेऊन आली होती आणि मी काठी तिच्या हातात दिली होती. ती मर्लला पाहायला आली होती, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो.

कापलेल्या बाजूत आम्ही दोघे आहोत. भिंग लावून पाहिले. लोर्ना खांबाशी उभी आहे, काठी अगदी सरळ धरून. डोक्यावरून शेवटचे इंजिन चालले आहे, अख्खे खोरे वर बघते आहे, आणि ती माझ्याकडे बघते आहे. मी तिपाईपाशी आहे, हातात टोपी, तोंड उघडे. मी गाडीकडे बघतो आहे.

नडीनने हा फोटो पुरता छापावा, कोठेही न कापता. खाली 'छायाचित्र : मर्ल काउफमन' असे लिहावे. 'पूल ८४.३' हेही लिहावे, एवढे मला मिळायला हवे. मी तिची क्षमा मागतो. ती करीलच असे नाही.

कलम ५. लोर्नाच्या कबरीशेजारी माझी जागा घेतलेली आहे आणि दगडही बसवून झाला आहे. गाड्या दिसाव्यात म्हणून मी त्याचे तोंड रुळांकडे करवून घेतले होते. मापाची काठी तिच्या दगडाशी रोवावी, सरळ. आणि माझा दगड फिरवून तिच्याकडे करावा.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही : एल्डन हावर्थ
ठिकाण : स्टोनी रन, पेनसिल्व्हेनिया. तारीख ९ मार्च २००४.

आमच्या समक्ष सही झाली :
१. हर्मन डोलन, न्हावी. (दुकानातला फोटो मी उतरवणार नाही.)
२. वेल्मा ट्रॉस्ट, शेजारीण.